साहेबांचे पाच ‘टाइम’ आणि स्पॅनिशचे वाजलेले बारा

उद्यमबागेतला

नमस्कार मंडळी. मी उद्यमबागेत एका कारखान्यात डिस्पॅच आणि एक्सपोर्टची कागदपत्रं बघतो. आमचं ओतीव काम मेक्सिकोला जातं, म्हणून संध्याकाळी घरी बसून थोडंथोडं स्पॅनिश शिकायलोय. साहेबांनी गिऱ्हाइकाला धाडायचं पत्र इंग्रजीत लिहून दिलं आणि म्हणाले, “खाली स्पॅनिशमध्ये पण घाल, बरं दिसतंय.” मजकूर असा:

“धिस टाइम वी विल डिलिव्हर इन टाइम. द पार्ट विल बी फर्स्ट टाइम राइट. सायकल टाइम इज रिड्यूस्ड. फॉर द सेकंड लॉट प्लीज गिव्ह अस सम मोअर टाइम.”

चार वाक्यांत पाच टाइम! कोशात बघितलं तर ‘टाइम’समोर रांगच लागलीय: त्येम्पो, बेस, ओरा, एपोका, रातो, प्लासो, मोमेन्तो, कोम्पास. कुठला कुठं बसवायचा? मोबाइलवरच्या भाषांतरावर साहेबांचा भरवसा नाही, माझाही नाही. कुणी जाणकार असाल तर सांगा की.

तिसरं गेट

त्येम्पो म्हणजे आपला टेम्पो काय गा? माल त्यातनंच जातोय न्हवं.

वालेन्सियात सध्या

मूळची निपाणीची, नोकरीमुळे स्पेनमध्ये. दादा, तुमच्या पाचही ‘टाइम’ना पाच वेगळी उत्तरं आहेत.

‘धिस टाइम’ म्हणजे ‘एस्ता बेस’. ‘इन टाइम’ला ‘आ त्येम्पो’ चालेल, पण ठरलेल्या तारखेबद्दल बोलताय तर ‘देन्त्रो देल प्लासो’ जास्त नेमकं. ‘फर्स्ट टाइम राइट’ला तिकडचे क्वालिटीवाले ‘ब्येन आ ला प्रिमेरा’ म्हणतात. त्यात ‘बेस’ गृहीत धरलेला असतो, उच्चारत नाहीत. ‘सायकल टाइम’ म्हणजे ‘त्येम्पो दे सिक्लो’. आणि शेवटचं ‘सम मोअर टाइम’ म्हणजे खरं तर मुदतवाढ. तिथे ‘मास प्लासो’ लिहा. ‘मास त्येम्पो’ही चूक नाही, पण व्यवहाराच्या पत्रात ‘प्लासो’च शोभतो.

उच्चार मेक्सिकोचे दिलेत. इथे स्पेनच्या बऱ्याच भागात ‘बेथ’ आणि ‘प्लाथो’ ऐकाल, जिभेचं टोक दातांत धरून. लिहिताना व्ही असतो, बोलताना ब.

तिसरं गेट

एस्ता बेस. बेस झालं!

उद्यमबागेतला

ताई, शंभर वेळा आभार. आता तुमचं उत्तर घेऊन मी साहेबांची वाक्यं मराठीत करून बघितली, तर गंमतच दिसली. ‘ह्या खेपेला माल मुदतीत देऊ. पार्ट पहिल्याच फटक्यात बरोबर येईल. एका नगाला लागणारा वेळ कमी केलाय. दुसऱ्या लॉटला मुदत वाढवून द्या.’ म्हणजे खेप, मुदत, फटका, वेळ, परत मुदत. मराठीत पाचांतला एकही टाइम ‘टाइम’ राहिला नाही. आणि खेपेच्या जागी बेस, मुदतीच्या जागी प्लासो, वेळेच्या जागी त्येम्पो असं सरळ बसतंय.

मग मी मधे इंग्रजीत कशाला उतरायलोय? मराठीतनं थेट स्पॅनिशमध्येच का जाऊ नये? बेळगावहून खानापूरला जाणाऱ्यानं कोल्हापूरला वळसा घालायचा काय?

शहापूरची, मुक्काम पुणे

कल्पना छान, पण इतकं सोपं नाही. मी भाषांतराचंच काम करते (इंग्रजी–मराठी). हाताशी असलेला कोश इंग्रजी–स्पॅनिशच असतो, शिकवण्याही इंग्रजीतूनच असतात. थेट जायचं म्हटलं तरी रस्ता कुणी बांधून ठेवलेला नाही. आणि मराठी ‘वेळ’ हा काय कमी घोळाचा शब्द आहे? ‘माझा वेळ गेला’, ‘माझी वेळ आली’, ‘माझ्यावर वेळ आली’, ‘चार वेळा’. यातलं प्रत्येक वाक्य स्पॅनिशमध्ये वेगळं होईल.

खानापूरचे मास्तर

बाईंनी नकळत उत्तरच दिलं आहे. तो वेळ आणि ती वेळ यांतला फरक मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. पुल्लिंगी वेळ म्हणजे लांबी असलेला, मोजता येणारा, खर्च होणारा: ‘सगळा वेळ वाया गेला.’ स्त्रीलिंगी वेळ म्हणजे घड्याळातला किंवा दिवसातला एक ठिपका: ‘जेवणाची वेळ झाली.’ आणि अनेकवचनी ‘वेळा’ म्हणजे मोजदाद: ‘तीन वेळा हाक मारली.’ एकच शब्द लिंग बदलून दोन कामं करतो आणि वचन बदलून तिसरं. आता निपाणीच्या ताईंनी सांगावं, स्पॅनिशचे तीन शब्द या तिघांना लागू पडतात का?

वालेन्सियात सध्या

गुरुजी, पडतात की! वर्षानुवर्षं इथे राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तो वेळ = त्येम्पो, ती वेळ = ओरा, वेळा = बेसेस.

किती वेळ? क्वान्तो त्येम्पो?
किती वेळा? क्वान्तास बेसेस?
जेवायची वेळ झाली. एस ओरा दे कोमेर.

आपल्याकडे एका कान्याचा फरक, त्यांच्याकडे अख्खा शब्द वेगळा. मात्र एक इशारा. ‘ह्या वेळी पाऊस लवकर आला’ यात वेळ स्त्रीलिंगीच आहे, पण तिथे ‘ओरा’ घातलं तर समोरचा बुचकळ्यात पडेल. तिथे ‘एस्ता बेस’. म्हणजे लिंगावर डोळे झाकून विसंबायचं नाही.

उद्यमबागेतला

मग माझी कारखान्यातली गो–नो गो गेज लावून बघा: ‘वेळ’च्या जागी ‘खेप’ घालून वाक्य चालतंय काय? चाललं तर बेस. ‘ह्या खेपेला पाऊस लवकर आला’ चालतंय. ‘जेवणाची खेप झाली’ चालत नाही, म्हणून ओरा. ‘माझी खेप वाया गेली’ चालतंय पण अर्थ बदलतोय, म्हणून तेही रिजेक्ट, म्हणजे त्येम्पो.

वालेन्सियात सध्या

गेज पास! आणि खेपेवरून आठवलं. ‘बेस’चा मूळ लॅटिन अर्थच पाळी, बारी असा आहे. इंग्रजीतल्या ‘व्हाइस व्हर्सा’मधला ‘व्हाइस’ त्याच घरातला. इथल्या मंडईत मासळीच्या दुकानात गेलं की रांग दिसत नाही, सगळे इकडंतिकडं उभे. आलेल्या माणसानं विचारायचं, “शेवटचं कोण?” आणि त्याच्यामागं आपला नंबर धरायचा. याला म्हणतात ‘पेदीर ला बेस’, पाळी मागणं.

तिसरं गेट

हे रेशनच्या दुकानात पिशवी ठेवून जाण्यापेक्षा बरं हाय. पिशवीला कुणी विचारत नाही.

अथणीकडचा

मी कन्नड शाळेत शिकलो, घरात मराठी. वाचताना डोक्यात कन्नडच चालू होतं, म्हणून लिहितो. कन्नडमध्येपण एका टाइमचे तुकडे असेच पडतात. ‘मूरु सल’ म्हणजे तीन वेळा, आमच्याकडं ‘सर्ती’पण म्हणतात. तिप्पट म्हणजे ‘मूरु पट्टु’. ‘होत्तु’ म्हणजे दिवसातली वेळ, आणि खेड्यात सूर्यालापण होत्तुच: ‘होत्तु मुळुगितु’ म्हणजे दिवस बुडाला. वेळ जात नाही तरी होत्तु, जेवायची वेळ झाली तरी होत्तु. म्हणजे तो वेळ आणि ती वेळ दोन्ही होत्तुच्या पोटात.

आणि ‘किती वाजले’ला ‘एष्टु गंटे?’ गंटे म्हणजे घंटा. पण उत्तर कर्नाटकात तासाला आम्ही ‘तासु’ म्हणतो, “एरड् तासु आतु.” बेंगळूरला गेल्यावर तिथली पोरं हसतात, हा कुठला शब्द म्हणून. मराठीतनं आलेला, सांगावं लागतंय.

खानापूरचे मास्तर

आणि तासही मुळात घंटाच! टोल द्यायची धातूची थाळी म्हणजे तास. देवळात, कचेरीबाहेर ती टांगलेली असे, तिच्यावर टोले पडत. म्हणून आपल्याकडे तास ‘वाजतात’. आता मोबाइलमध्ये काहीही वाजत नाही तरी आपण ‘किती वाजले’च विचारतो.

आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं घटकांत बोलत. दिवसरात्रीच्या ६० घटका, म्हणजे घटका २४ मिनिटांची, दोन घटकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि घटकेची ६० पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. ‘पळभर थांब’ म्हणणारा माणूस किती थोडं मागतो आहे, ते बघा.

वालेन्सियात सध्या

वाजण्यावरून अजून एक जुळणी. आपण ‘एक वाजला’ पण ‘दोन वाजले’ म्हणतो ना? स्पॅनिशमध्ये हुबेहूब तसंच: ‘एस ला ऊना’ एकवचनी, ‘सोन लास दोस’ अनेकवचनी. इंग्रजीत एक असो की बारा, ‘इट इज’च. त्यामुळे इंग्रजीतून शिकणारे इथे हटकून अडखळतात आणि मराठी माणसाला ते सांगावंच लागत नाही.

पावणेचारला इथे ‘लास क्वात्रो मेनोस क्वार्तो’ म्हणतात, चारला पाव कमी. पावणेचारच की! (मेक्सिकोत मात्र ‘उन क्वार्तो पारा लास क्वात्रो’, चाराला पाव बाकी.) साडेतीन म्हणजे ‘लास त्रेस ई मेदिया’. दीड आणि अडीच मात्र फक्त आपलेच. त्यांना ‘एक आणि अर्धा’, ‘दोन आणि अर्धा’ असंच म्हणावं लागतं.

लोंढ्याची लेक

माहेर लोंढा, आजोळ मडगाव. इतकं सगळं झालं आणि कोकणी कुणी काढलीच नाही?

गोव्यात वेळ विचारताना म्हणतात, “कितलीं वरां जालीं?” हा ‘वर’ म्हणजे नवरामुलगा नव्हे. पोर्तुगीज ‘ओरा’चा तो ‘वर’ झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, म्हणजे तुमच्या मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाचा ओरा आमच्या मडगावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारात, रोज ऐकू येतो. आणि ‘तीन वेळा’ला ‘तीन फावटीं’.

खानापूरचे मास्तर

लेकीनं बरी आठवण केली. हा ‘ओरा’ लॅटिनमध्ये ग्रीकांकडून आला, आणि ग्रीकांकडूनच तो दुसऱ्या वाटेनं आपल्याकडेही आला होता, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी. पंचांगात ‘होरा’ असतो, तोच हा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं एक मत नोंदवून ठेवलं आहे, की ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की ‘होरा’ उरतो. व्युत्पत्ती झकास आहे, पण अभ्यासक शब्द ग्रीकच मानतात.

वारांचा क्रमसुद्धा होऱ्यांवरून लागतो. रविवारी सूर्योदयाला पहिला होरा रवीचा, मग शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ, आणि पुन्हा रवी. असे चोवीस मोजा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा येतो. म्हणून रविवारानंतर सोमवार. कागदावर मांडून बघा, सातही वार बिनचूक येतात. ‘माझा होरा खरा ठरला’ म्हणतो तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो.

उद्यमबागेतला

मास्तर, मांडून बघितलं. शनिवारपर्यंत आलो, बरोबर हाय!

म्हणजे एकच ग्रीक शब्द, पंचांगातनं होरा, मडगावात वर आणि आमच्या इन्व्हॉइसवर ओरा.

व्यवस्थापक

धागा चांगला रंगलाय. कोणती भाषा कुणाकडून आली यावरून सीमावाद इथे काढू नये, त्याला वेगळे धागे आहेत आणि ते पुरेसे लांब आहेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

शहापूरची, मुक्काम पुणे

जुळण्या सुंदर आहेत, मान्य. पण न जुळणारंही मांडा, नाहीतर दादा उद्या पत्रात काहीतरी भलतंच लिहितील. उदाहरणार्थ, त्येम्पोचा दुसरा रोजचा अर्थ हवामान. ‘आसे माल त्येम्पो’ म्हणजे ‘वाईट वेळ आलीय’ नव्हे, हवा खराब आहे. हे मराठीत कुठे आहे?

खानापूरचे मास्तर

आहे की बाई. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. या तिन्हीत शेवटी ‘काळ’च झिजून बसला आहे. उन्हाळा म्हणजे उष्णकाळ.

अथणीकडचा

कन्नडमध्ये तर झिजलापण नाही. मळेगाल, बेसिगेगाल, चळिगाल. तिन्हीत काल स्पष्ट ऐकू येतोय.

वालेन्सियात सध्या

अरे, मग ‘दुष्काळ’ बघा! शब्दश: ‘वाईट काळ’, म्हणजे ‘माल त्येम्पो’च. पण इथे माल त्येम्पो म्हणजे पाऊस, वारा, सहल रद्द. आपला वाईट काळ म्हणजे पाऊस न येणं. तेच दोन तुकडे जोडले आणि अर्थ नेमका उलटा. यांची एक म्हण आहे, ‘आल माल त्येम्पो, ब्वेना कारा’. हवा वाईट असली तरी चेहरा हसरा ठेवा. अथणीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही म्हण कोणत्या तोंडानं सांगायची?

अथणीकडचा

नका सांगू. कृष्णेला पाणी असेल तर नदीकाठचा ऐकून घेईल. आत माळावरचा मारायला उठेल.

शहापूरची, मुक्काम पुणे

हे पटलं. आणि असा फरक कोशात सापडणार नाही, हेही कबूल. इंग्रजीतून गेलो असतो तर ‘टाइम’ एका पानावर, ‘वेदर’ दुसऱ्या पानावर आणि ‘ड्राउट’ तिसऱ्या. तिघांची भेटच झाली नसती.

तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही. आपल्या बोलण्यातच आता ‘वेळ’ किती उरलाय? “टाइम काय झाला?”, “टाइम नाही”, “एका टायमाला दोन कामं”, “त्या टायमाला मी कॉलेजात होते.” मराठीनं स्वत:चे तुकडे स्वत:च मोडून इंग्रजीचा सपाट टाइम घातलाय. मग थेट जाणार कुठल्या मराठीतून?

लोंढ्याची लेक

टाइम वाईटच असतो असं नाही हं. आमच्या लोंढा–बेळगाव गाडीत शेंगदाणेवाला ओरडतो, “टाइमपाऽऽस, टाइमपास!” हा शब्द आपण इतका आपलासा केलाय, की त्याला मराठी म्हणायला माझी हरकत नाही. याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं, वालेन्सियाताई?

वालेन्सियात सध्या

‘पासात्येम्पो’. खोटं नाही सांगत! पासार म्हणजे घालवणं, त्येम्पो म्हणजे वेळ. छंद, विरंगुळा या अर्थी. वर्तमानपत्रातली कोडीही ‘पासात्येम्पोस’. शेंगदाण्यांना मात्र म्हणत नाहीत, त्यांचं नुकसान.

आणि ‘वेळ काढणे’: ‘सकार त्येम्पो’. सकार म्हणजे बाहेर काढणं. ‘तुझ्यासाठी वेळ काढला’ हे अक्षरश: जसंच्या तसं जातं. इंग्रजीत वेळ ‘बनवतात’, आपण आणि स्पॅनिश लोक तो कुठूनतरी काढतो, बहुतेक झोपेतून.

शहापूरच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. तोंडानं ‘टाइम’ म्हटलं तरी डोक्यातले कप्पे मराठीच असतात. ‘एका टायमाला’ म्हणताना तुम्हाला ‘एकाच वेळी’ हेच म्हणायचं असतं, म्हणून ते ‘आ ला बेस’. ‘त्या टायमाला’ म्हणजे ‘त्या काळी’ की ‘त्या क्षणी’, हे तुम्हाला ठाऊक असतंच. पहिल्याला ‘एन आकेया एपोका’, दुसऱ्याला ‘एन एसे मोमेन्तो’.

शहापूरची, मुक्काम पुणे

हं. यावर विचार करते. लगेच ‘हो’ म्हणणार नाही.

खानापूरचे मास्तर

काळाबद्दल कुणी नीट बोललंच नाही. वेळ घड्याळाची, काळ इतिहासाचा. शिवकाळ, पेशवेकाळ. ‘आमच्या काळी असं नव्हतं’ हे माझं लाडकं वाक्य स्पॅनिशमध्ये कसं होईल? आणि व्याकरणातला काळ? भूतकाळ, वर्तमानकाळ?

वालेन्सियात सध्या

शिवकाळ म्हणजे ‘एपोका’. व्याकरणातला काळ ‘त्येम्पो’च, ‘त्येम्पो बेर्बाल’. इथे मराठी, कन्नड आणि स्पॅनिश एका बाजूला, आणि इंग्रजीत मात्र त्याला ‘टेन्स’ असा निराळाच शब्द (तोही त्याच लॅटिन मुळातला, फक्त ओळखू येत नाही). तुमचं लाडकं वाक्य: ‘एन मिस त्येम्पोस नो एरा आसी’. त्येम्पोस, अनेकवचनी. म्हाताऱ्या माणसाचे काळ जास्तच असतात. :)

तिसरं गेट

पेपरवाल्यांनापण हा शब्द लई आवडतोय. शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ काढला, इंग्रजांचा ‘टाइम्स’ होताच.

वालेन्सियात सध्या

आणि कोलंबियात बोगोटाचा ‘एल त्येम्पो’, १९११ पासूनचा.

लोंढ्याची लेक

मला एक भाषांतर करून द्या. परवा दूधसागरच्या बाजूला एक मोटरसायकलवाला ट्रकखाली येतायेता वाचला. आजी म्हणाली, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.” इंग्रजीत मुलांना सांगायला गेले तर ‘टाइम हॅड कम, बट द टाइम हॅड नॉट कम’. पोरं हसत सुटली.

वालेन्सियात सध्या

मस्त! इथे इंग्रजीचा पाय मोडतो आणि स्पॅनिशचा नाही. कारण माणूस मरायचा झाला की इथेही ‘ले येगो ला ओरा’ म्हणतात, त्याची वेळ आली. नेमकी आपली स्त्रीलिंगी वेळ. ‘काळ’ म्हणजे इथे मृत्यू, यम. त्याला ‘त्येम्पो’ घालायचं नाही, ‘म्वेर्ते’ घालायचं: ‘बिनो ला म्वेर्ते, पेरो नो एरा सु ओरा.’ मरण आलं, पण ती त्याची वेळ नव्हती. आमच्या शेजारच्या आजीबाईंना ऐकवलं, त्यांनी मान डोलवली. वर समजावून सांगावं लागलं नाही.

‘काळ’ म्हणजे समय, यम आणि काळा रंग हे तिन्ही एकत्र मात्र गेले नाहीत. तेवढं सांडलंच.

खानापूरचे मास्तर

सांडू द्या. आजीचं वाक्य पोचलं हे पुष्कळ झालं.

अथणीकडचा

‘कदाचित’ला काय म्हणतात हो?

वालेन्सियात सध्या

‘ताल बेस’. ताल म्हणजे तसा, बेस म्हणजे वेळ.

अथणीकडचा

म्हणूनच विचारलं. ‘कदा’ म्हणजे कधी, त्यावरनं ‘कदाचित’. दोघांनीपण शक्यता सांगायला वेळेचाच शब्द घेतलाय. ‘कधीकधी’ला पण बेसच असेल?

वालेन्सियात सध्या

‘आ बेसेस’. ‘क्वचित’ म्हणजे ‘रारा बेस’, ‘पुन्हा’ म्हणजे ‘ओत्रा बेस’, ‘एकदा’ म्हणजे ‘ऊना बेस’. आणि सगळ्यात आवडतं: ‘एकदाचं काय ते सांगून टाक’, ‘दीलो दे ऊना बेस’. तो ‘एकदाचं’मधला वैताग स्पॅनिशमध्ये पुरेपूर उतरतो. पण ‘एकदाचा पाऊस आला’ असेल तर ‘पोर फिन’. तिथे वैताग संपून सुटकेचा नि:श्वास आहे ना. खेपेची गेज इथे चालत नाही, दादा.

गुणाकारात मात्र बेस बाजूला बसतो. इंग्रजीत ‘थ्री टाइम्स फोर’, इथे ‘त्रेस पोर क्वात्रो’. आपलं तर ‘तीन चोक बारा’, टाइमबिइम काही नाही, नुसता ठेका.

तिसरं गेट

हिंडलग्याच्या जेलात ‘टाइम करणारे’ राहिले की ओ.

वालेन्सियात सध्या

‘कुम्प्लीर कोन्देना’. सजा पुरी करणे. पुढचा प्रश्न अनुभवातून असेल तर जपून विचारा.

उद्यमबागेतला

:) आता कामाचं. ‘मुदत’ आणि ‘प्लासो’ किती लांबवर जुळतात? बँकेची कागदं पण येतात आमच्याकडं.

वालेन्सियात सध्या

शेवटपर्यंत. मुदत ठेव म्हणजे ‘देपोसितो आ प्लासो फीखो’. अल्प मुदत ‘कोर्तो प्लासो’, दीर्घ मुदत ‘लार्गो प्लासो’. हप्त्यानं घेणं ‘आ प्लासोस’. ओव्हरटाइम मात्र ‘ओरास एक्स्त्रा’, जादा तास. आणि शिफ्ट म्हणजे ‘तुर्नो’, पाळी.

उद्यमबागेतला

आमच्यात ‘ओटी मारतो’ म्हणतात. आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ओटी भरतात, मारतात कधीपासनं?

बरं, पत्र तयार झालंय. एकच अडकलंय, पार्टचं नाव. ‘टायमिंग चेन कव्हर’. हा सहावा टाइम साहेबांनी विषयाच्या ओळीत लपवून ठेवला होता. ‘तापा दे त्येम्पो’ लिहू?

वालेन्सियात सध्या

थांबा! स्पेनमध्ये इंजिनाच्या टायमिंगला त्येम्पो म्हणत नाहीत, ‘दिस्त्रिबुस्योन’ म्हणतात, कारण ती साखळी व्हॉल्व्हांच्या उघडझापीचं वाटप करते. मेक्सिकोत मात्र ‘कादेना दे त्येम्पो’, ‘बान्दा दे त्येम्पो’ सर्रास चालतं, आणि दिस्त्रिबुस्योनही चालतं. त्यामुळे इथे ना मराठी कामाची, ना इंग्रजी, ना मी. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडा, त्यावर जे छापलंय तेच लिहा.

शहापूरची, मुक्काम पुणे

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. कारखान्याच्या कागदात गिऱ्हाइकाचा शब्द हाच कोश.

उद्यमबागेतला

बघितलं. ‘तापा दे दिस्त्रिबुस्योन’ असंच छापलंय. बरं झालं विचारलं. उद्या सकाळी साहेबांची सही घेऊन पत्र धाडतो.

तिसरं गेट

‘उद्या सकाळी’ला काय म्हणतात तेपण सांगून टाका एकदाचं.

वालेन्सियात सध्या

‘मान्याना पोर ला मान्याना’. उद्यालाही मान्याना, सकाळलाही मान्याना.

तिसरं गेट

एवढे शब्द हायत म्हणायलासा, आणि हितं एकच दोनदा वापरायलेत की!